नियम गावाच्या मापाचे हवेत

वऱ्हाडात वैशाख सुरू झाला की पारा ४५ अंशांकडे सरकू लागतो. बडनेऱ्यातील घरोघरी कुलर अहोरात्र चालतात, वीजतारांवरचा भार वाढतो आणि पऱ्हाटीच्या व कुटाराच्या गंज्या वाळून कोळ झालेल्या असतात. अशा दुपारी एक ठिणगी काय करू शकते, हे जिनिंगच्या आवारात हयात घालविलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. कापसाबरोबर यंत्रात गेलेला खडा वा लोखंडाचा तुकडाही ठिणगी पाडण्यास पुरतो. गासडीच्या पोटातील आग तर वरून विझलेली दिसूनही आत धुमसतच राहते. या वास्तवाशी आपल्या नियमांची गाठ कधी पडणार, हा खरा प्रश्न आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम सिद्ध झाली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. ही संहिता म्हणजे आदर्श नमुना. तिला कायद्याचे बळ देणे हे राज्याचे व स्थानिक संस्थांचे काम. महाराष्ट्राने २००६ चा आग प्रतिबंधक अधिनियम डिसेंबर २००८ पासून अमलात आणला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आली. शहरागणिक वेगळ्या नियमांचा गोंधळ मिटला, हे स्वागतार्हच. पण एकसूत्रता म्हणजे एकसाचीपणा नव्हे.

संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत १५ मीटर वा त्याहून अधिक उंचीची वास्तू ही उंच इमारत मानली जाते आणि कडक अटींचा मोठा भाग तेथून पुढे लागू होतो. बडनेऱ्यासारख्या गावाचे दुखणे मात्र १५ मीटरच्या खाली आहे. खाली दुकान, मागे गोदाम, वर बिऱ्हाड, उतरायला एकच अरुंद जिना आणि खिडक्यांना लोखंडी जाळ्या! सोलापुरात १८ मे २०२५ रोजी टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत कारखान्यातच राहणारे मालकाचे कुटुंब आणि कामगार असे ८ जण मृत्युमुखी पडले. ती काही गगनचुंबी इमारत नव्हती. काळ्या मातीचेही तसेच. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन पाया हलविते, भिंतींना तडे देते. अमरावतीत ३० ऑक्टोबर २०२२ रोजी जुनी इमारत कोसळून ५ जणांचा बळी गेला. जुन्या वास्तूंची तपासणी किती निकडीची आहे, याचा तो इशारा होता.

येथे एक सावधगिरी हवी. 'स्थानिक परिस्थिती' हे शब्द सवलती उकळण्यासाठीही वापरले जातात. राजकोटमध्ये २५ मे २०२४ रोजी पत्र्याच्या क्रीडागृहात २७ जीव होरपळले. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाच नव्हता. स्थानिकता म्हणजे ढिलाई नव्हे. जेथे धोका अधिक, तेथे नियम अधिक काटेकोर, हाच तिचा अर्थ.

हा विचार परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ग्रीष्मात भर दुपारी अग्नी पेटविण्यास मनाई आहे. घरोघरी पाण्याचे माठ, शिडी, कुऱ्हाड आणि आकडा ठेवण्याची, चव्हाट्यावर जलपात्रांच्या रांगा लावण्याची आज्ञा आहे. आग विझविण्यास न धावणाऱ्या घरमालकाला दंड आहे. ऋतू, वस्ती आणि व्यवसाय पाहून नियम करण्याची ही दृष्टी दोन हजार वर्षांपूर्वी आपल्यापाशी होती. आज ती आपण फायलींत हरवून बसलो आहोत.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश आहे. तेव्हा अमरावती महानगरपालिकेने राज्याच्या नियमावलीला स्थानिक पुरवणी जोडण्याचा प्रस्ताव शासनापुढे मांडावा. अरुंद बोळांसाठी लहान अग्निशमन वाहने, वस्तीनिहाय पाण्याच्या टाक्या, दुकानावरच्या बिऱ्हाडांना दुसरी वाट, कापूस हंगामापूर्वी प्रत्येक जिनिंगची तपासणी आणि उन्हाळ्यापूर्वी वीजजोडण्यांची पाहणी, एवढे तरी तीत असावे. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळ सुरू झाल्याने या परिसरात हॉटेले, मंगल कार्यालये आणि गोदामे वाढणारच. ती उभी राहण्याआधी नियम उभे राहिले पाहिजेत.

मात्र सर्व भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. अग्निसुरक्षेची जबाबदारी कायद्याने मालक वा भोगवटादारावर आहे; बसविलेली यंत्रणा चालू असल्याचा दाखला त्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. आपल्या गृहसंकुलाने, शाळेने, मंगल कार्यालयाने तो दिला आहे काय, हे किती जण विचारतात? गणेशोत्सवाच्या मंडपात दुसरी वाट मोकळी ठेवणे आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवणे यासाठी कोणत्या अध्यादेशाची वाट पाहायची? आग लागल्यावर धावून जाणारे तरुण बडनेऱ्यात कमी नाहीत. ती लागूच नये म्हणून वस्तीवस्तीत फिरून एकेक जिना आणि एकेक वीजजोडणी पाहणारे तरुण आता हवे आहेत. हे काम गाजावाजाचे नाही. पण राष्ट्रसेवा याहून वेगळी कोठे असते?