दोन गावांची वेळ

कपाटात वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा बऱ्याच घरांत असतो. त्यात काळ्या पट्ट्याचं बंद पडलेलं डिजिटल घड्याळ असतं, रबरी बटणं झिजलेला कॅल्क्युलेटर असतो. साफसफाई करताना मुलं विचारतात, "हे टाकून देऊ?" आणि वडीलधारं कुणीतरी म्हणतं, "राहू दे." या 'राहू दे'मागे काय असतं, त्याविषयी आज थोडं बोलू या.

आज अगदी साध्या वाटणाऱ्या या वस्तू एकेकाळी नवलाच्या होत्या. जपानच्या काशिओ बंधूंनी १९५७ साली १४-ए नावाचं विजेवर चालणारं हिशेबयंत्र बाजारात आणलं. ते टेबलाएवढं होतं आणि वजन सुमारे १४० किलो. पंधराच वर्षांत, १९७२ साली, त्यांच्या कॅसिओ कंपनीचा 'कॅसिओ मिनी' तळहातावर मावू लागला. त्याच वर्षी अमेरिकेत 'पल्सर' हे डिजिटल घड्याळ विक्रीला आलं. किंमत २,१०० डॉलर! बटण दाबलं तरच त्याचे लाल आकडे उजळत, कारण ते दिवे सेल फार खात. पुढे करड्या काचेवर काळे आकडे दाखवणारी घड्याळं आली. त्यांना वीज नावापुरतीच लागायची. एक सेल वर्षानुवर्षं पुरू लागला, किमतीही उतरल्या.

नेमक्या याच काळात आपल्या कोकणातली माणसं मोठ्या संख्येनं आखातात जाऊ लागली. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, तिकडे रस्ते, इमारती, बंदरं उभी राहू लागली. रत्नागिरी-रायगडच्या गावागावांतून कुणी कुवेतला गेलं, कुणी सौदीला, कुणी दुबईला. दोन वर्षांनी रजेवर येताना बॅगेत अत्तर, साडीचं कापड, टेपरेकॉर्डर आणि मुलांसाठी घड्याळ असायचं. ज्यांच्या घरचं कुणी तिकडे नव्हतं, ते मुंबईच्या मुसाफिरखान्यात जाऊन 'फॉरेन'चा माल बघून यायचे.

मुलांना त्या घड्याळाचं काय कौतुक! टिकटिक नाही, चावी द्यायची नाही. इंग्रजी आठाच्या सात रेघांपैकी काही विझल्या की बाकीचे सगळे आकडे तयार होतात, हे मुलं स्वतःच शोधून काढत. अंधारात दिवा लावून दाखवायचा, ठीक तासाला 'पिप' वाजलं की वर्गानं मागं वळून पाहायचं. रमजानमध्ये सहरीसाठी अम्मीला उठवायचा मान त्या घड्याळाच्या अलार्मला मिळू लागला.

कॅल्क्युलेटर मात्र अम्मीचा. अब्बांचा ड्राफ्ट आला की रियालचा भाव, दुकानाची उधारी, शाळेची फी, घराच्या कामाचे चिरे आणि सिमेंट, सगळं त्याच्यावर मांडलं जायचं. दोन वर्षं घर एकटीनं चालवणाऱ्या कितीतरी बायकांचा तो मुनीम होता. आणि रजेला किती दिवस उरले, हेही त्याच्यावरच मोजलं जायचं.

काही घड्याळांत दोन ठिकाणची वेळ लावता यायची. एक इथली, दुसरी अब्बांची. कुवेत आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इथे रात्रीचे साडेनऊ वाजले की तिथे सात. 'आता कामावरून आले असतील,' असं म्हणत मुलं झोपी जायची. पत्र यायला आठवडे लागत. आवाज ऐकायचा तर कुणाच्या हाती पाठवलेली कॅसेट. पण त्यांची वेळ मनगटावर असायची.

जुन्या वस्तू मजबूत होत्या म्हणून त्या जपल्या जातात, असं आपण म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. कॅसिओचं १९८९ सालचं एफ-९१डब्ल्यू हे घड्याळ आजही जवळजवळ तसंच नवं मिळतं. तरी ज्याच्या डब्यात जुनं आहे, तो ते नव्यासाठी टाकत नाही. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही. ज्या वर्षांत बाप घरी नव्हता, त्या वर्षांची ती खूण आहे. आजची मुलं परदेशातल्या बापाला रोज फोनवर पाहतात, ही चांगलीच गोष्ट आहे. ते जुने दिवस परत यावेत असं म्हणण्यात अर्थ नाही. पण ते कसे गेले, हे त्या मुलांना माहीत असावं.

तेव्हा डबा उघडाच. आधी घड्याळातला आणि कॅल्क्युलेटरचा जुना सेल काढून टाका. तो पाझरला की आतले भाग खराब होतात. बटणासारखा छोटा सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला गेला तर जिवावर बेतू शकतं. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून विचारा: हे कुणी आणलं, कुठून, कोणत्या साली? उत्तर एका चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवा. सांगणारं माणूस हयात आहे, तोवरच हे काम होण्यासारखं आहे.