अधिकारक्षेत्राची रेषा कोणासाठी?

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथील एखाद्या शेतकऱ्याची कल्पना करावी. शेजाऱ्याने त्याचा वहिवाटीचा रस्ता अडविला आहे. एक शेत तो कूळ म्हणून कसतो की मजूर म्हणून, याविषयी मालकाशी तंटा आहे. बांधालगतच्या पट्ट्याची मालकी ठरलेली नाही. शिवाय बिनपरवाना सावकाराने कर्जापोटी दोन एकरांचे खरेदीखत लिहून घेतले आहे. शेतकऱ्याच्या लेखी हा एकच प्रश्न आहे, जमिनीचा. कायद्याच्या लेखी मात्र त्याचे तुकडे होतात. रस्त्याचा अडथळा १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानुसार तहसीलदाराने दूर करावयाचा, तोही सहा महिन्यांच्या आत दाद मागितली तर. कुळाचा प्रश्न विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळकायद्यानुसार महसूल अधिकाऱ्यांनीच ठरवावयाचा. तेथे दिवाणी न्यायालयाला मज्जाव. मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालयाचा. सावकाराने बळकावलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिलेला आहे. दार चुकले की उत्तर ठरलेले: "हे आमच्या अधिकारात येत नाही."

हे उत्तर नेहमीच टाळाटाळीचे असते असे नाही. वाद ऐकण्याचा आणि त्यावर बंधनकारक निर्णय देण्याचा कायद्याने दिलेला अधिकार म्हणजे अधिकारक्षेत्र. त्याला विषयाची, प्रदेशाची आणि रकमेची मर्यादा असते. मर्यादा नसलेला अधिकार ही मनमानीच होय. किरणसिंग विरुद्ध चमन पासवान या १९५४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अधिकार नसलेल्या न्यायालयाचा हुकूमनामा मुळातच शून्य असतो. पक्षकारांच्या संमतीनेही तो वैध होत नाही. मात्र प्रदेशाच्या आणि रकमेच्या मर्यादेचे आक्षेप तांत्रिक स्वरूपाचे असून, त्यांमुळे प्रत्यक्ष न्यायाला बाधा आली नसेल तर अपिलात ते विचारात घेऊ नयेत, असेही त्याच निकालात म्हटले आहे. म्हणजे सर्व रेषा सारख्या पवित्र नाहीत, हे न्यायालयानेच मान्य केले आहे.

प्रदेशाच्या रेषा तर इतिहासाने आखलेल्या असतात. वऱ्हाड नावाला निजामाचे राहिले. पण १८५३ च्या तहानंतर तेथला कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि १९०२ मध्ये वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने त्यांना मिळाला. सार्वभौमत्व एकाचे आणि न्यायदान दुसऱ्याचे, अशी ही व्यवस्था होती. पुढे १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ ने बुलढाणा जिल्ह्यातील प्रकरणे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे सोपविली. मेहकरहून औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, नागपूरपेक्षा पुष्कळ जवळ आहे. पण तेथे खंडपीठ बसले ते १९८१ मध्ये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरालाही फिरते खंडपीठ मिळाले. माणसांनी आखलेल्या रेषा माणसांच्या सोयीसाठी बदलता येतात, हाच याचा अर्थ.

कूळकायद्याची कथा अधिक बोलकी आहे. दिवाणी न्यायालयातील खर्च आणि विलंब जमीनमालकाला परवडतो, कुळाला परवडत नाही, म्हणून तो वाद तहसीलदाराकडे देण्यात आला. रेषा आखली ती दुर्बलासाठी. परंतु निवडणूक, टंचाई, पंचनामे, वसुली ही सारी कामे एकाच तहसीलदाराच्या माथी मारली की कुळाची तारीख मागे पडते, आणि दिवाणीचे दार तर आधीच बंद झालेले असते. पर्यायी दार कार्यक्षम ठेवल्याशिवाय मूळ दार बंद करणे हा कुळाचा विश्वासघात आहे.

याहून मोठा धोका सत्तेकडून असतो. आणीबाणीत स्थानबद्धांच्या अर्जांचा विचार करण्याचा अधिकारच न्यायालयांना नाही, असा पवित्रा सरकारने घेतला. नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी तो मानला नाही. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सरकारची बाजू उचलून धरली, एकटे न्या. एच. आर. खन्ना वेगळे राहिले. ती चूक न्यायालयाने स्पष्ट शब्दांत रद्द ठरविली ती २०१७ मध्ये, एकेचाळीस वर्षांनी. तहसील कचेरीत शेतकऱ्याला मिळणारे उत्तरच त्या वेळी तुरुंगातील नागरिकाला मिळाले होते.

म्हणून कोणत्याही अधिकारक्षेत्राची कसोटी एकच: ही रेषा सत्तेला आत रोखते, की गरिबाला बाहेर? पहिली रेषा प्राणपणाने जपली पाहिजे. दुसरी बदलून घेतली पाहिजे. दिवाणी प्रक्रियेत चुकीच्या न्यायालयात आलेला दावा योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत देण्याची तरतूद आहे. प्रामाणिकपणे तेथे गेलेला काळ १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १४ नुसार मुदतीतून वगळता येतो. हेच तत्त्व प्रत्येक सरकारी कचेरीला बंधनकारक व्हावे: अर्ज नाकारू नये, लेखी कारणासह योग्य अधिकाऱ्याकडे स्वतः पाठवावा, आणि पहिल्या दाराची तारीख हीच अर्जाची तारीख धरावी. २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्यात न्यायाधीशाने गावोगाव जाऊन काम चालविण्याची सोय आहे. पण अशी न्यायालये स्थापन करणे राज्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे. ती मर्जी लोकांच्या रेट्याने वळवावी लागेल. तोवर कार्यकर्त्याने मोर्चाच्या घोषणेइतकीच योग्य दाराची आणि मुदतीची माहितीही ठेवली पाहिजे. मुदत टळल्यावर मिळालेली सहानुभूती जमीन परत आणत नाही.