कोळी मारले, तुडतुडे पोसले!

2017 च्या खरिपात भंडारा-गोंदियातले उभे धान तुडतुड्यांनी जाळले. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सरकारला कापसाच्या बोंडअळीबरोबर धानाच्या तुडतुड्यासाठीही मदत जाहीर करावी लागली. मदत हवीच होती. पण हा तुडतुडा एवढा माजला कसा, याचा जाब कोणी द्यायचा? आम्ही स्पष्ट सांगतो: त्याला माजवले फवारणीने, आणि ती फवारणी रोखण्याचे ज्यांचे काम होते ते हातावर हात ठेवून बसले!

तुडतुड्याची मादी धानाच्या पानाच्या आवरणात अंडी घालते. तिथे पंपाचा फवारा पोहोचत नाही. मरतात ते बाहेर फिरणारे: कोळी, चतुर, ढालकिडे आणि तुडतुड्याची अंडी शोषून संपवणारा मिरीड ढेकूण. आठवडाभराने अंडी फुटतात, तेव्हा पिलांना खाणारे बांधीत कोणी उरलेले नसते. घाबरलेला शेतकरी पुन्हा कृषी केंद्राची पायरी चढतो, पुन्हा उधारी, पुन्हा फवारणी. आणि विष काय फक्त किडीच मारते? त्याच 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले.

हे ज्ञान नवे नाही. 1986 साली इंडोनेशियाने एका हुकुमासरशी 57 कीटकनाशके भातशेतीतून हद्दपार केली आणि पुढे विषावरचे अनुदानही बंद केले. तिथला भात बुडाला नाही. आपल्या केंद्र सरकारने तर त्याआधीच, 1985 मध्ये, एकात्मिक कीड व्यवस्थापन हे धोरण म्हणून स्वीकारले होते. चाळीस वर्षे झाली! साकोलीत विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, नागपुरात केंद्राचे कीड व्यवस्थापन केंद्र आहे. तरी लाखांदूर-पवनीच्या शेतकऱ्याला सल्ला मिळतो तो विष विकणाऱ्याच्या काउंटरवरच. ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

विषाला पर्यायही आहे. धानाचीच दुसरी कीड, खोडकिड्याची गोष्ट घ्या. ट्रायकोग्रामा हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा मित्रकीटक खोडकिड्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालतो. अळी जन्मालाच येत नाही. तो कार्डावरून शेतात सोडतात; अशा एका ट्रायकोकार्डावर सुमारे 20,000 परोपजीवी अंडी असतात. हेक्टरी 50,000, दर आठवड्याला, तीन-चार वेळा, एवढीच मात्रा. मग कार्ड दुकानात का नाही? कारण ते जिवंत आहे. बाटलीसारखे फळीवर दोन वर्षे पडून राहत नाही. चार-आठ दिवसांत वापरावे लागते. व्यापाऱ्याला त्यात रस नसणार, हे उघड आहे. म्हणूनच ही जबाबदारी शासनाची आहे आणि ती झटकणे हा गुन्हा आहे.

आमची मागणी सरळ आहे. भंडाऱ्याच्या सातही तालुक्यांत ट्रायकोकार्डाची प्रयोगशाळा उघडा, ती महिला बचत गटांच्या हाती द्या आणि रोवणी आटोपताच कार्ड गावात पोहोचवा. नुकसानभरपाईचा पैसा पीक जळल्यावर निघतो, तर ते वाचवायला आधी का निघत नाही?

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, शेजाऱ्याने फवारले म्हणून फवारू नका. बांधीत उतरा, बुंध्याशी वाका, तुडतुडे मोजा आणि कोळीही मोजा. एका चुडात पाच-दहा तुडतुडे दिसत नाहीत तोवर पंपाला हात लावू नका. कार्ड मिळत नसेल तर ग्रामसभेत ठराव करा आणि तो घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याच्या दारात बसा.