कुया आणि आते

'दादा' आणि 'ताई' हे शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्यांच्या अंगी केवढे सामर्थ्य आहे हे ध्यानातच येत नाही. वडील सांगतात तो उपदेश वाटतो, मास्तर सांगतात ते परीक्षेपुरते उरते. दादाने सांगितलेली गोष्ट मात्र मनात घर करते. अमेरिकेतील फिलिपिनो मंडळींनी हे मर्म नेमके ओळखले आहे. त्यांच्याकडे थोरला भाऊ म्हणजे 'कुया' आणि थोरली बहीण म्हणजे 'आते'. (आपल्याला आत्याबाई आठवल्या, तर दोष आपल्या कानांचा!) तिकडच्या विद्यापीठांतील फिलिपिनो विद्यार्थी-मंडळे पुष्कळदा नवागताला असा एखादा कुया किंवा आते नेमून देतात; नवागत हा त्यांचा 'आदिंग', म्हणजे धाकटे भावंड.

याची गरज का पडावी? परदेशी वाढणाऱ्या त्या मुलाला 'तू कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. आडनाव पाहावे तर स्पॅनिश. कारण क्लाव्हेरिया नामक स्पॅनिश गव्हर्नराने 1849 साली हुकूम काढून लोकांना यादीतून आडनावे वाटली. पुढे 1898 पासून 1946 पर्यंत अमेरिकेचा अंमल. त्यामुळे आईबापांची शाळा इंग्रजी. आणि मुलाच्या क्रमिक पुस्तकात आपल्या माणसांविषयी ओळसुद्धा नाही! मग त्याला आजीच्या बोलीची लाज वाटू लागली, तर दोष कोणाला द्यावा?

सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी 1968-69 मध्ये संप केला, तो आपला इतिहास शिकायला मिळावा म्हणून. त्यात फिलिपिनो मुलेही होती. त्याच संस्थेत, आताच्या विद्यापीठात, प्राध्यापिका ॲलिसन टिंटियांको-कुबालेस यांनी 2001 साली 'पेप' हा उपक्रम सुरू केला. विद्यापीठातली मुले बाल्बोआ हायस्कुलात जाऊन धाकट्यांना शिकवू लागली. यात एक गंमत आहे. शिकवायचे म्हटले की आधी स्वतः शिकावे लागते. म्हणजे धाकट्याच्या निमित्ताने थोरलाही शहाणा होतो.

सांगण्याजोगे थोडे का आहे? 1965 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील डेलानो गावी द्राक्षमळ्यांतले फिलिपिनो मजूर लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. सेझार चावेझ यांचे मेक्सिकन मजूर काही दिवसांनी त्यांना येऊन मिळाले. पण जगाला नाव ठाऊक झाले ते चावेझ यांचे. त्या वृद्ध फिलिपिनो मजुरांना 'मानोंग' म्हणत. हाही थोरल्या भावाचाच शब्द! त्यांची कामगिरी शाळांतून शिकवली जावी असा कायदा कॅलिफोर्नियात झाला, तो 2013 साली.

बांबूंमधून पाय चुकवीत केलेला टिनिकलिंग नाच सुंदर दिसतो, पण तो वेष उतरल्यावर मुलाजवळ काय उरते? आपले आजोबा मळ्यात ताठ मानेने उभे राहिले होते, हे कळले तर मात्र त्याची मानही वर होते. अभिमान शिकवून येत नाही. माहिती झाली की तो आपसूक येतो.

तागालोग भाषेत शिक्षकाला 'गुरो' म्हणतात. शब्द मुळात आपल्याच 'गुरू'चा, दूरदेशी जाऊन स्थिरावलेला. शब्द आपण दिला. आता त्यांच्याकडून ही रीत घ्यावी. आपली मुलेही आज पुण्यामुंबईत आणि परदेशांत वाढत आहेत. पणजोबांचे गाव किती जणांना ठाऊक आहे? या भाऊबीजेला थोरल्या भावंडांनी धाकट्यांना जवळ बसवून एवढे जरी सांगितले, तरी पुष्कळ होईल.