पडलेल्या घरांची नोंद

न्यूयॉर्क शहरांतील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आमच्या वाचकांस ऐकून ठाऊक असेल. १९२० नंतरच्या दशकांत तेथें काव्य, संगीत व चित्रकला यांस जो बहर आला, त्यास हार्लेमचें नवजागरण म्हणतात. त्या बहराचें एक अंग मात्र पुष्कळ वर्षें अनुक्तच राहिलें.

तेथील १३६व्या रस्त्यावर २६७ क्रमांकाच्या घरांत वॉलेस थर्मन हा लेखक राही. त्याच्या भोंवतीं जमलेल्या तरुण मंडळींनीं १९२६ सालीं 'फायर' हें नियतकालिक काढलें. त्याचा एकच अंक निघाला. त्यांत रिचर्ड ब्रूस न्यूजंट यानें पुरुषाचें पुरुषावरील प्रेम कथारूपानें उघड मांडलें. त्याच रस्त्यावर अलीलिया वॉकर या धनिक बाईंनीं १९२७ सालीं आपल्या घराचा एक भाग साहित्यिकांस खुला केला. समलिंगी पाहुण्यांसही तेथें मज्जाव नव्हता. तें घर आज नाहीं. त्या जागीं काउंटी कलन या कवीच्या नांवाचें ग्रंथालय उभें आहे. जवळच १३३व्या रस्त्यावर ग्लॅडिस बेंटली ही गायिका पुरुषी पोषाख व उंच टोपी घालून गात असे.

क्लॉड मॅके हा कवि १३५व्या रस्त्यावरील वाय. एम. सी. ए. च्या ज्या इमारतींत राहिला, ती १९७६ सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. परंतु समलिंगी जनांच्या इतिहासासाठीं म्हणून एखादें स्थळ अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहींत येण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. तें न्यूयॉर्कमधीलच स्टोनवॉल होय. २०१५ पासून एक मंडळ त्या शहरांतील अशा स्थळांची पद्धतशीर नोंद करीत आहे, व हार्लेममधील स्थळेंही तींत आलीं आहेत.

कोणी म्हणतील, कवीचें काव्य वाचावें; त्याच्या खाजगी आयुष्याशीं आपणांस काय कर्तव्य? प्रश्न वरवर रास्त दिसतो. पण विवाहित कवीच्या चरित्रांत पत्नीचें नांव येतें, तेव्हां तो कोणीच विचारीत नाहीं. एकाचें प्रेम चरित्रांत शोभतें आणि दुसऱ्याचें झांकावें लागतें, यास आम्ही न्याय म्हणूं शकत नाहीं.

कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांस अनुभव आहे कीं, एकदां गाळलेलें नांव दोन पिढ्यांत कोणाच्याही स्मरणांत उरत नाहीं. घरें तर पडावयाचींच. मागें राहते ती नोंद. ती तरी पुरी असावी, एवढेंच आमचें म्हणणें.