समुद्र उतरला की जमीन चढली?

दोस्तांनो, तापमानाच्या अंशांना ज्याचं नाव दिलंय, तो सेल्सिअस तुम्हांला ठाऊक आहेच. हा पठ्ठ्या समुद्रही मोजायचा! १७३१ साली स्वीडनमधल्या येव्ले गावाजवळच्या एका बेटावर त्याने खडकावर पाण्याच्या पातळीशी खूण कोरून घेतली. आज ती खूण पाण्यापासून सुमारे दोन मीटर उंचावर आहे.

सेल्सिअसला वाटायचं, समुद्र आटतोय. पण खरं तर जमीनच वर येत होती! हिमयुगात तिथे किलोमीटरच्या किलोमीटर जाडीचा बर्फ साठला होता. त्या भाराने जमीन दबली. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी ती अजून उचलली जातेय. आपण उठलो की गादी फुगते ना, तशी. फक्त ही गादी भलतीच आळशी!

आता गंमत बघा. समुद्राची पातळी मोजायचं यंत्र किनाऱ्यावरच बसवलेलं असतं. जमीन चढली की तेही चढतं आणि सांगतं, 'समुद्र उतरला.' फिलिपाइन्सच्या मनिला शहरात नेमकं उलटं. जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसल्यामुळे तिथली जमीन खचते, आणि यंत्र म्हणतं, 'समुद्र फारच चढला.' यंत्र खोटं बोलत नाही हं! मनिलाकरांच्या दाराशी पाणी खरंच तेवढं येतं.

मग यात समुद्राचा वाटा किती? ते १९९२ पासून उपग्रह वरून मोजताहेत. जगातला समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतोय. तो काही एका शहराला आवरायचा नाही. जमिनीचं खचणं मात्र आवरता येतं. टोकियोने पाण्याच्या उपशावर बंधनं घातली, आणि तिथली जमीन खचायची जवळजवळ थांबली.