आंबेनळीची जुनी वाट मोकळी करायला या

महाड-पोलादपूरकरांनो आणि मुंबई-पुण्याला पोटापाण्यासाठी गेलेल्या आपल्या माणसांनो,

कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी आपण सगळे आंबेनळी घाटाच्या पायथ्यापासून पोलादपूरपर्यंत पायी येणार आहोत. डांबरी रस्त्यानं नव्हे. माळावरून, वाड्यांमधून, पाखाड्या उतरत आणि शेवटी सावित्रीच्या काठाकाठानं. तुम्ही या, पोरांना आणा, आणि ज्यांचे गुडघे अजून साथ देतात अशा म्हाताऱ्या माणसांना तर आग्रहानं आणा.

आग्रह का, ते सांगतो. गेल्या महिन्यात वाट बघून ठेवायला आम्ही चौघं गेलो होतो. एका ओहोळापाशी वाटच संपली. पुढे नुसती करवंदीची जाळी. मागून एक आजी मोळी घेऊन येत होत्या. त्यांनी भारा खाली टाकला, कमरेची कोयती काढली, दोन फांद्या छाटल्या आणि वाकून आत बोट दाखवलं. जाळीखाली काळ्या दगडाची पायरी होती, मधोमध झिजून बशीसारखी खोलगट झालेली. तिच्याखाली दुसरी, तिसरी. "पाय पडायचे थांबले का रान वाट खातं," आजी म्हणाल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा याच पायऱ्यांवरून डोक्यावर ओझं घेऊन त्या बाजाराला जायच्या. वरच्या रस्त्यानं आम्ही शेकडो वेळा एसटीतून गेलो आहोत. खाली ही पाखाडी आहे, हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

आपला मुलूखच वाटांचा. इंग्रजांनी फिट्झगेराल्ड घाट म्हणून गाडीरस्ता काढला, तो आजचा आंबेनळी. त्याआधी जावळीतून कोकणात यायला पार घाट होता, पारहून किनेश्वरला उतरणारा. 1659 मध्ये अफझलखानाचा तळ पडला तो त्याच घाटाच्या माथ्याला, पारला. उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं, पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी. हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे.

त्याहून जवळचं आठवा. 28 जुलै 2018 ला आंबेनळीत दाभिळ टोकाशी बस दरीत गेली आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातली 30 माणसं गेली. तेव्हा दोर लावून खाली उतरले ते आपल्याच भागातले आणि महाबळेश्वरचे गिर्यारोहक, आणि आसपासच्या गावांतले तरुण. त्यांना डोंगर ठाऊक होता. 22 जुलै 2021 ला तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. महाड पाण्याखाली होतं, रस्ते बंद होते, आंबेनळीही जागोजागी तुटला होता. तळियेला यंत्रणा पोचायला वेळ लागला आणि तोवर गावकरीच हातांनी माती उपसत होते. रस्ता तुटतो त्या दिवशी पायवाट कुठून जाते हे ठाऊक असणारी माणसं गावात हवीत. आज ती सत्तरीच्या पुढची आहेत आणि त्यांच्या मागे कुणी चालत नाही.

पाण्याचंही तसंच. पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ फाटतं आणि उन्हाळ्यात आपल्याच वाड्या टँकरकडे डोळे लावून बसतात. कुठला झरा कधी आटतो, कुठल्या कोंडीत वैशाखातही पाणी राहतं, हे बायकांना तोंडपाठ आहे. चालताना त्यांना विचारत जाऊ, आणि शाळेतली पोरं ती नावं वहीत लिहून घेतील.

सकाळी 7 वाजता पोलादपूर एसटी स्थानकाबाहेर जमायचं. घाटाच्या पायथ्यापर्यंत एसटीनं, पुढे पायी. दुपारचं जेवण एका वाडीतल्या बचत गटाच्या महिला करणार आहेत: नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, भात. त्याचे पैसे त्यांच्याच हातात द्यायचे. पाण्याची बाटली घरूनच भरून आणा.

त्या दिवसांत भात कापून खाचरात पसरलेलं असतं, तेव्हा बांधावरूनच चाला. गुरांसाठी लावलेलं बेडं उघडलंत तर शेवटच्या माणसानं ते परत लावायचं. माळावरचं गवत वाळू लागलेलं असेल, म्हणून विडी-सिगारेट, काडेपेटी घरीच ठेवा. वणव्यात आपण दरवर्षी फार गमावतो. देवराईत स्पीकर नको, आरडाओरडा नको. आणि सावित्री कितीही शांत दिसली तरी पाण्यात कुणीही उतरायचं नाही. कोंडी खोल आहेत.

मुंबईच्या मंडळांना वेगळी विनंती. गणपतीला, शिमग्याला तुम्ही येताच. या एका शनिवारी रात्रीची गाडी धरा. आपल्या वाडीची वाट तुमच्या मुलांना तुमच्याशिवाय कोण दाखवणार?

त्या ओहोळापाशी आम्ही चौदा पायऱ्या मोकळ्या केल्या आहेत. खाली अजून किती आहेत ते जाळी काढल्यावरच कळेल. घरात कोयती असेल तर घेऊन या.